गुपित फोडणारे खासदार

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जपानी नौदलाचे डेप्थ चार्ज (पाणबुडीविरोधी स्फोटके) ३० किंवा ६० मीटर खोलीवर फुटायचे. अमेरिकेच्या ‘गाटो’ वर्गातल्या पाणबुड्या मात्र ९० मीटरपर्यंत बुडी मारत. स्फोट डोक्यावर होत आणि त्या खालून निसटत. जून १९४३ मध्ये अमेरिकी खासदार अँड्र्यू मे यांनी युद्धक्षेत्राच्या दौऱ्यानंतर हे गुपित चक्क पत्रकारांना सांगून टाकले! वृत्तपत्रांनीही ते छापले. पुढे जपानी डेप्थ चार्ज अधिक खोल फुटू लागले. या बडबडीने १० पाणबुड्या आणि ८०० माणसे गेली, असे पॅसिफिकमधील पाणबुडी दलाचे तत्कालीन प्रमुख चार्ल्स लॉकवुड यांचे म्हणणे होते. तो आकडा सिद्ध झालेला नाही. खासदार मे पुढे तुरुंगात गेले, पण युद्धसामग्रीच्या कंत्राटांतील लाचखोरीसाठी.