‘नंतर’ नावाचं बटण

१२ मे २०१७, शुक्रवार. मी तेव्हा इंग्लंडमध्ये पीएचडीचा प्रबंध लिहीत होतो. दुपारी बातमी आली की इथल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पडताहेत आणि पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जातेय. हा ‘वॉनाक्राय’. अनेक शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

खरं सांगतो, मला आधी आठवला माझा लॅपटॉप. त्यात प्रबंध होता आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या होत्या. आजी आदल्याच वर्षी गेली होती. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क कित्येक महिने लॅपटॉपलाच जोडलेली! वॉनाक्राय जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो. म्हणजे मूळ कागद आणि नक्कल मी एकाच पेटीत ठेवली होती. शिवाय कुलपाची किल्ली १२८ बिटांची. शक्यता किती? ३४ वर ३७ शून्यं. एकेक किल्ली लावून बघणं विसराच.

तुम्ही म्हणाल, संशयास्पद लिंक उघडली नाही की झालं. पण वॉनाक्राय विंडोजमधल्या एका त्रुटीतून, कुणी काहीही क्लिक न करता, एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे ५९ दिवस आधी. माझ्या लॅपटॉपवर ते हल्ल्याच्या जेमतेम तीन दिवस आधी बसलं. तोवर मी रोज ‘नंतर’ दाबत होतो. मी वाचलो तो हुशारीने नव्हे, नशिबाने.

तेव्हापासून माझे नियम तीनच. अपडेट आपोआप होऊ द्यायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी डिस्क जोडायची, नक्कल घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. आणि वर्षातून दोनदा त्या नकलेतली एखादी फाइल उघडून बघायची, कारण न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

आता तुमच्याकडे एक मागणं. रविवारी घरी व्हिडिओ कॉल कराल, तेव्हा आईबाबांना त्यांच्या संगणकावर अपडेटची सूचना आलीये का, ते विचारा. आपल्या लहानपणचे फोटो बहुधा तिथेच आहेत. त्या सूचनेखालीही ‘नंतर’चं बटण असेल. ते आज दाबू देऊ नका.