चोरी एकाची, भुर्दंड दुसऱ्याला

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. इंग्लंडमधील मोटारचोरीविषयीचे नियम वाचताना मात्र मला ती गंभीरपणे आठवली.

तेथे चोरीची मोटार रस्त्यावर टाकून दिलेली सापडली, की पोलीस ती कंत्राटदाराकरवी उचलून त्याच्या आवारात ठेवतात. खर्च मात्र मालकाने द्यायचा! दर सरकारनेच ठरवलेले आहेत. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर धड उभ्या असलेल्या साध्या मोटारीला उचलण्याचे १९२ पौंड आणि ठेवण्याचे रोज २६ पौंड. मालक निर्दोष असतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा दंड नव्हे, तर आकार होय. चोर सापडून दोषी ठरला, तर न्यायालय त्याला भरपाई द्यायला लावू शकते. चोरीचा विमा असल्यास विमा कंपनी पुष्कळदा हा खर्च सोसते. केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा उतरवणाऱ्याला मात्र कोणी वाली नाही. म्हणजे ऐपत कमी, त्यालाच झळ अधिक.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. रूप तेवढे निराळे. आपल्याकडे जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडतात. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की पंचनामा व छायाचित्रे करून, बंधपत्र घेऊन वाहन लवकर परत करावे.

गुन्ह्याचा तपास समाजासाठी असतो. मग त्याचा खर्च, पैशांचा असो वा गंजाचा, आधीच नाडलेल्या माणसावर का पडावा?