माशांच्या टाकीला दिवा कोणता?



युनियनच्या माणसाने माशांच्या टाकीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण गेल्या वर्षी आमचा एक तरुण फिटर माझ्याकडे आला. त्याने चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली होती. दुकानदाराने दाखवलेल्या दिव्याची किंमत त्याच्या निम्म्या पगाराएवढी! 'पतपेढीतून कर्ज काढू का?' असे तो विचारीत होता. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पण हिशेब मांडल्यावाचून सही करू नये, एवढे वाटाघाटींनी मला शिकवले आहे. तोच हिशेब आपणापुढे ठेवतो.

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. ल्युमेन म्हणजे आपल्या डोळ्यांना उजेड किती देतो. एक खर्च, दुसरे उत्पादन. साधा चांगला एलईडी एका वॅटमागे सुमारे १०० ल्युमेन देतो. खोक्यावर दोन्ही आकडे पाहावेत. नुसत्या वॅटवर भुलू नये.

आता टाकीत काय आहे ते पाहा. मासेच असतील, तर घरात लावतो ती २० वॅटची चार फुटी एलईडी पट्टी पुष्कळ झाली. अनुबियास, जावा फर्न अशा सोशीक वनस्पती असतील, तर लिटरमागे १५ ल्युमेन हा ठोकताळा धरावा. या टाकीत सुमारे २५० लिटर पाणी. म्हणजे ३,७५० ल्युमेन. दोन पट्ट्यांत काम भागले! रंग ६,५०० केल्विनचा पांढरा घ्यावा. टाकी खोल असेल तर तळाशी प्रकाश कमी पोचतो, तेव्हा दिवा अधिक लागतो. समुद्री प्रवाळांना मात्र भरपूर निळा प्रकाश हवा. तेथे महाग दिव्याची किंमत रास्त आहे, हे मान्य केले पाहिजे.

दिवा रोज आठ तास पुरे. जास्त ठेवला तर शेवाळ माजते. ४० वॅट, आठ तास, तीस दिवस: महिन्याला ९.६ युनिट. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहा.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. घरगुती पट्टी पाण्यासाठी बनवलेली नसते. ती आणि पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण हवे. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी बटण बंद करावे.

जाता जाता एक गोष्ट. हा पांढरा उजेड निळ्या एलईडीवर पिवळे फॉस्फर चढवून मिळतो. तेजस्वी निळा एलईडी घडवणाऱ्या तिघांना २०१४ साली नोबेल मिळाले. त्यांपैकी शुजी नाकामुरा हे कंपनीतले नोकरदार. शोधाबद्दल त्यांच्या हाती पडले होते २०,००० येन! ते कोर्टात गेले. २००४ साली २,००० कोटी येनांचा निकाल लागला आणि २००५ साली सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. पगारी माणसाच्या डोक्यातून निघालेला हा उजेड पगारी माणसाला कर्ज काढून घ्यावा लागू नये, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या फिटरने दोन पट्ट्या घेतल्या. पतपेढीचा अर्ज कोराच राहिला.