बीपी ठीक, पण बाळ फिकट

१५ ते २१ नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह. फलक लागतात, स्तनपानावर भाषणं होतात. बाळाच्या रक्तस्रावाचा विषय मात्र क्वचितच निघतो.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर, अर्ध्या लिटरच्या दूधपिशवीच्या निम्मं. त्यातलं पन्नास-साठ मिली गेलं तरी बाळ शॉकमध्ये जाऊ शकतं. नाळेची गाठ सैल राहिली तर निदान दुपटं भिजलेलं दिसतं. दगा देतो तो न दिसणारा रक्तस्राव. व्हॅक्यूम लावून झालेल्या बाळंतपणानंतर कधी कधी डोक्याच्या कातडीखाली रक्त साठतं. अंगातलं सगळं रक्त मावेल एवढी ती जागा. डोकं लिबलिबीत लागतं, सूज कानामागे, मानेकडे उतरते. घरचे म्हणतात, ‘जन्मताना दाबलं असेल, बसेल आपोआप.’

आणि आपण विसंबतो बीपीवर! रक्तवाहिन्या आवळून बाळाचं शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं. ते पडतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हिमोग्लोबिनही सुरुवातीला ठीकच येतं. माझा भरवसा बोटावर जास्त. बाळाला उबेत ठेवून छातीच्या मधोमध बोटानं पाच सेकंद दाबा, सोडा. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, तळपाय गार असले, बाळ मलूल होऊन दूध ओढेनासं झालं, तर थांबू नका. सावळ्या बाळाचा फिकेपणा ओठ, जीभ आणि तळव्यांवर दिसतो.

चाकणजवळच्या कुरुळीत भाड्याच्या खोल्यांत पहिलटकरणीची आई-सासू गावाकडे, नवरा कंपनीत शिफ्टला. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईची पहिली घरभेट तिसऱ्या दिवशी. डोक्याच्या कातडीखालचा रक्तस्राव बहुधा त्याआधीच होऊन गेलेला असतो. म्हणून ४८ तासांच्या आत घरी जायची घाई मला पटत नाही. त्यात बाळाला परत आणायचं तर चाकण-मोशी रस्त्यावरची कोंडी आहेच.

घरभेटींची ही वाट गडचिरोलीनं दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत केलेला प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यात मोठा वाटा जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा, पण गावातल्या आरोग्यदूत बाया व्हिटॅमिन केचं इंजेक्शनही देत. ते चुकलं तर अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळाच्या मेंदूत काही आठवड्यांनीही रक्तस्राव होऊ शकतो.

डिस्चार्ज कार्डावर व्हिटॅमिन केची नोंद आहे का, ते दवाखान्यातून निघण्यापूर्वीच पाहा. नसेल तर विचारा. बाळ फिकट आणि गार वाटलं तर १०८ ला फोन करा.