कॉन्टेसात नवं इंजिन बसवताना

खोपोलीच्या एका गॅरेजमध्ये परवा बोनेट उघडलेली कॉन्टेसा दिसली आणि माझे पाय तिथेच थबकले.

मूळ घराणं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं. 1984 साली आली तेव्हा या लांबरुंद गाडीत अँबॅसेडरचंच 1489 सीसी इंजिन होतं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं. मग कंपनीनेच इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आणि पाच गिअर दिले, ताकद 88 च्या घरात गेली. म्हणजे कॉन्टेसाचं पहिलं इंजिन बदललं ते खुद्द कारखान्याने!

आज बदलायचं तर इंजिन मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचंच घ्या. छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी बसतात. ती उभी केली की ऑइल संप क्रॉसमेंबरला अडतो.

शक्यतो गिअरबॉक्स त्याच इंजिनाचा ठेवा. बेल हाउसिंग जुळवण्याची कटकट वाचते, प्रोपेलर शाफ्ट मात्र नव्या मापाचा करून तो बॅलन्स करावाच लागतो.

इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन असेल तर कार्बोरेटरचा पंप चालत नाही. साधारण 3 बार दाब देणारा इलेक्ट्रिक पंप, टाकीकडे परतीची लाइन, ईसीयू आणि त्याचं पूर्ण वायरिंग हवं.

रेडिएटरवर पैसे वाचवू नका. खोपोलीहून बोरघाट चढताना मे महिन्यात त्याची खरी परीक्षा होते. उतरताना ब्रेकची. ताकद वाढवली की ब्रेक वाढवायलाच हवेत, यावर माझी तडजोड नाही.

आणि काम सुरू करण्याआधी आरटीओची लेखी परवानगी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

कर्जत-खालापूर भागात कुणाकडे कॉन्टेसा असेल तर फोटो टाका. प्रश्नही विचारा, माहीत आहे ते नक्की सांगेन.