आतड्याचा जुनाट आजार : दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत फोनवरची सिस्टर काय करू शकते?

हुपरी : परसाकडला रक्त पडलं की आपल्याकडं पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. 'बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज' असे बोर्ड रस्त्याकडंला काही कमी नाहीत. बऱ्याच जणांना खरंच मूळव्याधच असते. पण महिना-दीड महिना दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतंय, रक्ताबरोबर आव पडतीय, रात्री झोपेतनं उठून पळावं लागतंय आणि वजन उतरत चाललंय, असं असेल तर दुखणं वेगळं असू शकतं.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात, त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्याच जातीचा दुसरा आजार म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो. पुन्हा पुन्हा होणारं भगंदर हे कधी कधी त्याचंच लक्षण असतं. या दोन्हींना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, असा हा प्रकार आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खात्री होते ती दुर्बिणीच्या तपासणीनं आणि आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या परीक्षणानं. आपल्या देशात आणखी एक घोळ होतो. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दुर्बिणीतही सारखेच दिसू शकतात. त्यामुळं काही रुग्णांना आधी टीबीची औषधं देऊन फरक पडतोय का ते बघावं लागतं.

हा शहरातल्या पैसेवाल्यांचा आजार आहे, असं समजायचं कारण नाही. लुधियानातल्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 1 लाख लोकांमागं सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. पंजाबचा आकडा आपल्याकडं जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण अंदाज यायला तो पुरेसा आहे. हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड अशा पट्ट्यात असे रुग्ण असणारच. ते बोलत नाहीत एवढंच. संडासाची गोष्ट चारचौघांत कोण काढणार? त्यात हा आजार बहुतेकदा तरुण वयात, लग्नाच्या आणि कमावत्या वयात सुरू होतो.

आजार जन्मभराचा आहे. औषधानं तो शांत होतो, महिनोन् महिने काही त्रास नसतो आणि मग एक दिवस पुन्हा उसळतो. डॉक्टरांची भेट मात्र दोन-तीन महिन्यांतून एकदा, तीही पाच-दहा मिनिटांची. समजा, चांदीच्या कामावर बसणारा एखादा कारागीर आहे. कोल्हापूरला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. एसटीत तासभर पोट धरून बसायचं आणि मध्येच कळ आली तर काय, ही भीती वेगळीच. म्हणून तो तारीख पुढं ढकलतो आणि बरं वाटतंय म्हणून गोळीही सोडतो. आजार बिघडतो तो याच मधल्या दिवसांत.

परदेशात हीच फट भरायला फोनवरची नर्स ठेवलेली असते. ब्रिटनमध्ये अनेक सरकारी रुग्णालयांत फक्त आयबीडीच्या रुग्णांसाठी शिकलेल्या नर्स असतात आणि त्यांचा सल्ल्याचा फोन नंबर रुग्णाकडं असतो. रुग्ण निरोप ठेवतो, नर्स उलटा फोन करते. हॉलंडमध्ये याचा मोठा अभ्यास झाला आणि तो 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 909 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना मोबाईल-कॉम्प्युटरवर ठराविक दिवसांनी प्रश्न विचारले जायचे. उत्तरात काही बिघाड दिसला की दवाखान्यातनं संपर्क व्हायचा. बाकीचे नेहमीसारखे तारखेला जायचे. वर्षाअखेर पहिल्या गटाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या माणशी सरासरी 1.55 झाल्या, दुसऱ्या गटाच्या 2.34. ॲडमिट व्हायचं प्रमाणही पहिल्या गटात निम्म्यावर होतं. आजार उसळण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडं जवळपास सारखंच राहिलं. म्हणजे फोननं आजार जात नाही. बिघाड लवकर पकडला जातो आणि फुकटच्या फेऱ्या वाचतात.

सिस्टर विचारते तरी काय?

"आता कसं वाटतंय?" एवढं विचारून भागत नाही. आपला माणूस त्यावर "बरं हाय" म्हणून मोकळा होतो. शिकलेली नर्स मोजून विचारते. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वेळा गेलात? त्यातल्या किती वेळा रक्त होतं? नुसता डाग होता का रक्तच रक्त? रात्री झोपमोड झाली का? कळ आल्यावर थांबता येतं का पळावं लागतं? ताप किती, वजन किती, सांधे दुखतात का, डोळे लाल झालेत का? (सांधे आणि डोळे यांचा आतड्याशी काय संबंध, असं वाटेल. पण या आजारात ते दुखणं बरोबर येऊ शकतं.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्या रोज घेताय का? इथं खरं उत्तर मिळवणं हेच तिचं कसब. सिस्टर रागावणार असं वाटलं की माणूस खोटं बोलतो.

गोळ्यांच्या बाबतीत गावात होणारे घोटाळे ठरलेले आहेत. मेसालामिन ही रोजची गोळी शांत असलेला आजार शांत ठेवण्यासाठी असते. बरं वाटलं म्हणून ती सोडली की आजार परत उसळण्याची शक्यता वाढते. दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. तिनं चार दिवसांत फरक पडतो, म्हणून लोकांना ती आवडते. मग एक तर चिठ्ठी दाखवून मेडिकलमधनं परत परत घेतली जाते, नाही तर तोंड सुजलं म्हणून एकदम बंद केली जाते. दोन्ही घातक. जास्त दिवस घेतली तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं कमी करतं, त्यामुळं एकदम थांबवली तर चक्कर, उलट्या, बीपी उतरणं असं होऊ शकतं. ती डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणं टप्प्याटप्प्यानं उतरवायची असते. नेमक्या या उतरवायच्या आठवड्यांत एक फोन आला तर फार मोठं काम होतं.

तिसरी गोळी ॲझाथायोप्रिन. ती सुरू झाल्यावर सुरुवातीला वरचेवर रक्त तपासावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी धोकादायक उतरू शकतात. भारतीय लोकांत काही जणांना जन्मजात गुणधर्मामुळं हा त्रास जास्त होतो. डोक्याचे केस झपाट्यानं गळायला लागले तर तो त्याचाच इशारा असू शकतो. तपासणी साधी असते, गावातल्या किंवा इचलकरंजीच्या लॅबमध्ये होते. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर दवाखान्यात गेला की झालं. पण तिकडं तो बघणारं कोणी ठरलेलं असलं पाहिजे. नुसता पाठवून ठेवला आणि कोणी बघितलाच नाही, तर तपासणीचे पैसे पाण्यात.

कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन अशा गोळ्या ऊसतोडीच्या दिवसांत शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. या रुग्णांत त्यांच्यामुळं आजार उसळू शकतो. तशाच जुलाब थांबवायच्या गोळ्या. आजार जोरात असताना त्या घेतल्या तर आतडं फुगून बसण्याचा धोका असतो.

खाण्याबद्दल तर जो तो डॉक्टर. कोणी दूध तोडतो, कोणी गहू, कोणी सगळंच, आणि पेशंटचं वजन आणखी उतरतं. सगळ्यांना लागू पडेल असं एकच पथ्य या आजाराला नाही. उसळी आलेली असताना तिखट, कच्चं सॅलड, सालीसकट कडधान्य सोसत नाही, तेव्हा मऊ भात, वरण, शिजवलेली भाजी बरी. शांत असताना तांबडा-पांढरा सोसतोय का हे ज्याचं त्यानं बघावं. दुधानं त्रास होत नसेल तर दूध तोडायचं कारण नाही.

आपल्याकडं काय सोय आहे?

फक्त आयबीडीसाठीची फोनवरची सिस्टर आपल्याकडं सहसा मिळत नाही. पण तुकड्यातुकड्यानं सोय आहे. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यानुसार डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर फेरतपासणी करू शकतात, चालू औषधं पुढं लिहून देऊ शकतात. त्याच आजारासाठी प्रत्यक्ष भेट होऊन 6 महिन्यांच्या आत असेल तर ती फेरतपासणी धरली जाते. नर्स किंवा आरोग्य कर्मचारी मध्ये बसून रुग्णाची गाठ डॉक्टरांशी घालून देऊ शकतात. औषध ठरवणं किंवा बदलणं हे काम मात्र डॉक्टरांचंच.

सरकारची ई-संजीवनी सेवा याच पद्धतीनं चालते. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्याकडनं व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलता येतं. पलीकडं पोटविकारतज्ज्ञच मिळेल असं नाही. पण वजन, नाडी, बीपी, ताप हे तिथल्या तिथं मोजून मिळतं, आणि फोनवर नेमकं हेच कळत नसतं. 104 या नंबरवरही आरोग्याचा सल्ला मिळतो.

खरी सोय मात्र ज्या दवाखान्यात निदान झालं तिथंच लावून घ्यावी लागते. डिस्चार्जच्या किंवा तपासणीच्या वेळी सरळ विचारावं : त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा, किती ते किती वाजता, रिपोर्ट कुणाच्या नंबरवर टाकायचा, आणि फोन उचलला नाही तर किती वेळ वाट बघायची? पोटविकाराच्या दवाखान्यांनी एका सिस्टरला रोज तासभर याच कामाला बसवलं, तर खर्च फार येणार नाही. ते होत नाही, कारण ते कुणाचंच ठरलेलं काम नसतं.

फोनवर थांबायचं नाही अशीही वेळ असते. ऑक्सफर्डच्या दोन डॉक्टरांनी 1955 मध्ये सांगितलेली खूण आजही जगभर वापरतात : दिवसात 6 किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत ताप 100 च्या वर किंवा नाडी 90 च्या वर किंवा रक्त फार कमी. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना. पोट फुगून दगडासारखं झालं, उलट्या थांबत नाहीत, चक्कर येऊन पडला, तर 108 ला फोन.

प्रत्येक जुलाब म्हणजे आजाराची उसळीच, असंही नाही. 2012 ची इचलकरंजीची काविळीची साथ या भागातली माणसं विसरलेली नाहीत. पाणी बिघडलं की चांगल्या माणसालाही जुलाब लागतात, या रुग्णालाही लागू शकतात. म्हणून स्टेरॉइड वाढवायच्या आधी डॉक्टर संडासाची तपासणी सांगतात. त्यातच कॅलप्रोटेक्टिन नावाची एक तपासणी आहे. आतड्याला किती सूज आहे याचा अंदाज तिच्यातनं येतो आणि काही वेळा दुर्बीण टळते. मोठ्या आतड्याचा जास्त भाग धरलेला असेल, तर आजार सुरू होऊन साधारण 8 वर्षं झाल्यावर कॅन्सरसाठी ठराविक काळानं दुर्बीण करावीच लागते, मग त्रास असो वा नसो. तिथं फोन चालत नाही.

घरात एक वही ठेवावी. तारीख, किती वेळा, रक्त होतं का नव्हतं, वजन, कोणती गोळी चुकली. पोराच्या जुन्या वहीची मागची पानंसुद्धा चालतील. फोन लागला की वही उघडून वाचायची. सिस्टरला निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.