दबक्या पावलांचं दशक

परवा भाच्याला 'थीफ' हा जुना व्हिडिओ गेम दाखवायला बसलो. त्याने पहिलंच विचारलं, "मामा, भिंतीपलीकडचे पहारेकरी दिसायचं बटण कुठलंय?" तसलं बटण यात नाही म्हटल्यावर पाचव्या मिनिटाला तो उठून गेला. मला ते लागलं.

लपतछपत जायचे खेळ जुनेच. 1981 मध्ये सायलस वॉर्नरचा 'कॅसल वुल्फेन्स्टाइन', 1987 मध्ये 'मेटल गियर'. ते मी खेळलेलो नाही. माझं दशक 1998 पासूनचं. त्या एका वर्षात 'तेंचू', 'मेटल गियर सॉलिड', 'कमांडोज' आणि 'थीफ' आले. पुण्यातल्या सायबर कॅफेत आमचे तासाचे पैसे 'कमांडोज'वर जायचे. पहारेकऱ्याच्या नजरेचा हिरवा पट्टा दिसायचा, पण एका वेळी एकाचाच. बाकीचे कुठे बघताहेत ते डोक्यात धरून सरकायचं.

'थीफ'ने तो पट्टाही काढून घेतला. पडद्याच्या तळाशी फक्त एक मणी, उजेडात उजळणारा, अंधारात विझणारा. बाकी सगळी भिस्त कानांवर. गालिच्यावर पाऊल मुकं, फरशीवर टकटक, लोखंडावर तर घातच. पाण्याच्या बाणाने मशाल विझवायची, शेवाळाच्या बाणाने वाट मऊ करायची. सर्वांत अवघड पातळीवर माणूस मारायची परवानगीच नव्हती. हातात तलवार असून दाराआड श्वास रोखून उभं राहायचं! ती धडधड मला कुठल्याच गोळीबारात मिळाली नाही. हा खेळ घडवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ मे 2000 मध्ये बंद पडला.

त्याच काळात मी जॉन ल कारे वाचत होतो. ब्रिटिश गुप्तचर खात्यात स्वतः काम केलेला लेखक. त्याच्या कादंबऱ्यांतल्या स्मायली या हेराचं सगळं शौर्य जुन्या फायली चाळण्यात आणि समोरच्याला बोलू देऊन गप्प बसण्यात. 'थीफ'मधला गॅरेट आणि तो मला एकाच घरातले वाटायचे.

मग 2009 मध्ये 'आर्कम असायलम' या बॅटमॅनच्या खेळाने भिंती पारदर्शक केल्या, सगळ्यांनी तेच उचललं. 2014 च्या नव्या 'थीफ'नेही वस्तू झळकवणारा 'फोकस' घेतला. ज्या नावाने आम्हाला ऐकायला शिकवलं, त्याच नावाखाली हे व्हावं, याचा राग अजून गेलेला नाही.

खऱ्या हेरांचा अंधारही तेव्हाच आटला. जानेवारी 2010 मध्ये दुबईच्या हॉटेलात हमासचा कमांडर महमूद अल-मबहूहची हत्या झाली. मारेकरी टेनिसच्या रॅकेटी घेऊन, विग लावून वावरले. तरी पोलिसांनी कॅमेऱ्यांची चित्रणं जोडली आणि महिनाभरात ते चेहरे जगभर छापून आले. 2018 मध्ये तर व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अॅपच्या नकाशावर, सैनिकांच्या रोजच्या धावण्यामुळे, लष्करी तळांच्या कडा उजळलेल्या सापडल्या.

भाचा झोपल्यावर मी खोलीतला दिवा घालवला, हेडफोन लावले. खांबाआड मणी विझला. पहारेकरी शीळ घालत जवळ आला, थांबला, पुढे गेला. मी आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.